मधमाशीचे डोळे आणि वझ्यांची मोटार

मोटार जिंकण्याआधी ती ठेवायची जागा पक्की करणारा माणूस शनिवार पेठेत निघावा, यात नवल काहीच नाही. अनंत वझे 'कोड्याचा राजा' या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेले, पहिलं बक्षीस लाल मोटार आहे असं कळलं, आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या आवारातल्या शेवटच्या मोकळ्या जागेवर पाटी लागली: 'ही जागा वझे यांच्या मोटारीची आहे. मोटार अजून यायची आहे, म्हणून जागा मोकळी आहे असे समजू नये.'

घाईला कारण होतं. साल दोन हजार दोन. तिसऱ्या मजल्यावर सॉफ्टवेअरवाली पोरं भाड्याने राहायला आली होती आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्यातला एकेक जण नवी गाडी आणत होता. वझ्यांकडे वीस वर्षांची स्कूटर होती. ती आधी आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे.

पण मोटारीपेक्षाही पणाला लागला होता तो वझ्यांचा लौकिक. बावीस वर्षं ते एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत शब्दकोडं रचत होते, आणि इतक्या वर्षांत 'चूक दुरुस्ती' अशी चौकट एकदाही छापावी लागली नव्हती. चुका होत नव्हत्या असं नाही. कोड्याखाली बारीक अक्षरात 'कोडेकाराचा निर्णय अंतिम राहील' असं छापलेलं असे. कोणी चूक दाखवली, की वझे पोस्टकार्डावर तेवढं एकच वाक्य लिहून पाठवत.

असं एक कार्ड खालच्या मजल्यावरच्या वैजनाथ मुळ्यांनाही गेलं होतं. मुळे म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. पाच वर्षांपूर्वी वझ्यांच्या कोड्यात मधमाशीला किती डोळे असतात, असा दोन चौकटींचा आडवा शब्द होता आणि पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं, 'दोन'. सोमवारी सकाळी मुळे काडेपेटीत एक मेलेली मधमाशी आणि हातात भिंग घेऊन वर आले. दोन मोठे डोळे बाजूंना, तीन बारीक डोक्यावर. वझ्यांनी भिंगातून मोजले, नीट पाच भरले. "ही तुमची माशी झाली," ते म्हणाले, "माझ्या कोड्यातली वेगळी." आणि एक जिना उतरून सांगण्याऐवजी त्यांनी टपालाने कार्ड पाठवलं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं.

अशा मुळ्यांना वझे मुंबईच्या स्टुडिओत घेऊन गेले. स्पर्धकाला सोबत दोन माणसं आणायची मुभा होती. वझ्यांच्या पत्नी आनंदीबाई तर येणारच होत्या. दुसरी आपली बहीण यावी, असं त्यांचं म्हणणं. पण आपला विजय मुळ्यांनी समोर बसून पाहावा, ही वझ्यांची इच्छा. निमंत्रण आनंदीबाईंमार्फत गेलं आणि होकारही त्यांच्याचमार्फत आला. पडताना माणसाजवळ कोणी शेजारी असावा, असा निरोप मुळ्यांनी दिला होता. स्वारगेटपासून स्टुडिओपर्यंत दोघे एका बाकावर बसले आणि दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत राहिले.

स्पर्धेत वझे सुसाट सुटले. नाशिकचा प्रतिस्पर्धीही चिवट निघाला आणि शेवटच्या शब्दाला दोघांची बरोबरी झाली. सूत्रसंचालन करणारी नम्रता म्हणाली, "काका, लास्ट वन. बरोबर आलं तर कार तुमची. मधमाशीला डोळे किती?"

वझ्यांना काडेपेटी आठवली, भिंग आठवलं, मोजलेले पाच आठवले. आपण काय छापलं होतं तेवढं मात्र आठवलं नाही. त्याला इलाज नव्हता, कारण पाच वर्षांत मनातल्या मनात त्यांनी तेही दुरुस्त करून टाकलं होतं. आपण चुकत नाही, त्याअर्थी आपण पाचच छापलं असणार आणि भांडण मुळ्यांनीच उकरून काढलं असणार.

"पाच," ते ठणकावून म्हणाले.

प्रेक्षकांत मुळे उभे राहिले. ज्या शब्दासाठी त्यांनी पाच वर्षं वाट पाहिली तो वझ्यांच्या तोंडून, कॅमेऱ्यासमोर निघाला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते एकटेच टाळ्या वाजवू लागले.

"सॉरी काका," नम्रता म्हणाली, "आमच्याकडे आन्सर दोन आहे."

"हे कोणत्या गाढवानं लिहिलंय?" वझे कडाडले.

नम्रताने हातातलं कार्ड उलटलं आणि मागचा मजकूर वाचून दाखवला. दैनिकाचं नाव, रविवारची तारीख, कोडेकार अनंत वझे. सगळा स्टुडिओ हसला. आनंदीबाईंनी तोंडाला पदर लावला. पदराआड त्याही हसतच होत्या.

निर्माता मात्र भला माणूस होता. कोडेकाराने आपली चूक झाल्याचं छापून कळवलं तर फेरविचार करता येईल, असं तो म्हणाला. वझ्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. एकीकडे मोटार, दुसरीकडे बावीस वर्षांचं नाव. तिसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी निकाल लावला. "अहो, नावात बसून लोणावळ्याला जाता येत नाही."

रविवारी पुरवणीत बावीस वर्षांतली पहिली 'चूक दुरुस्ती' छापून आली. सकाळी सातच्या आत पेठेतल्या निम्म्या लोकांनी ती वाचली आणि उरलेल्या निम्म्यांना मुळ्यांनी वाचून दाखवली. वझ्यांनी कात्रण मुंबईला धाडलं. पंधराव्या दिवशी वाहिनीकडून उत्तर आलं. पोस्टकार्डच होतं, आणि त्यावर एकच वाक्य होतं: 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.'

वझे ते हातात धरून खिडकीशी आले. खाली पाटीसमोर मुळे आपली लूना लावत होते.

"मुळे, ती जागा मोटारीची आहे. पाटी दिसत नाही का?"

"वाचली," मुळे वर न बघता म्हणाले. "मजकुरात चूक आहे. दुरुस्ती टाका."

वझे खाली गेले आणि त्यांनी पाटी उतरवली. मागची बाजू कोरी होती, म्हणून फेकली मात्र नाही.