झारा शोभून दिसणारा माणूस

टीव्हीवाल्यांनी मिर्झोहिदच्या हातात झारा दिला तो फक्त वीस मिनिटांसाठी. त्या वीस मिनिटांत त्यानं कढईत ढवळायचं होतं आणि मिशीतल्या मिशीत हसायचं होतं. दोन्ही त्याला इतकं छान जमलं, की पुढचा महिनाभर त्याला धड झोप लागली नाही.

एरवी तो ताश्कंदच्या एका संगीतशाळेत पियानोंचे सूर लावायचा. घरात त्यानं चहाच्या पाण्यापलीकडं काही उकळलेलं नव्हतं, आणि त्यातही एकदा किटली जाळली होती. गल्लीतला सगळ्यात चांगला पलाव व्हायचा तो शेजारच्या गेर्ता-ओपाच्या, म्हणजे गेर्ताताईच्या, कढईत. तिच्या कोरियन आजी-आजोबांना तेव्हाच्या सोव्हिएत सरकारनं आगगाडीत कोंबून इकडं आणून टाकलं, तेव्हापासून घराणं इथलंच. चेहरा कोरियाचा, जीभ ताश्कंदची. मिर्झोहिदकडे पाहुणे आले की भिंतीपलीकडून गेर्ता-ओपाची परात यायची. गल्लीतल्या बायकांना हे ठाऊक होतं. पुरुष अंगणात बसून हात चाटायचे, पण परात कुठून आली हे विचारायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

टीव्हीवाले वासाच्या मागावर थेट गेर्ता-ओपाच्याच अंगणात पोचले होते.

"पलाव करणारे कुठायत?" दिग्दर्शिका शाहिस्तानं विचारलं.

"करणारी समोर उभी आहे."

"नाही, म्हणजे घरातले पुरुष?"

"नवरा वारला सहा वर्षांपूर्वी. तोही नुसता खायचाच."

शाहिस्तानं कॅमेऱ्यातून एकदा कढईकडं पाहिलं, एकदा गेर्ता-ओपाकडं पाहिलं आणि मान हलवली. "वाईट वाटून घेऊ नका हं ओपा. पण कोरियन बाई, आणि पलावावर? लोक म्हणतील आमचंच काहीतरी चुकलंय. तुम्ही ते गाजराचं सॅलड करा ना. तुमच्यात काय सुंदर करतात."

"मी ते बाजारातून आणते. मवलुदाकडून. ती उझबेक आहे."

"मग आणा की. वाडगा मांडीवर घेऊन बसलात तरी झालं."

एवढ्यात मिर्झोहिद भिंतीवरून डोकावला, आणि इथंच त्यानं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. रुंद खांदे, झुपकेदार मिशी. शाहिस्ता जवळजवळ नाचलीच. "हा चेहरा! टोपी द्या यांना."

"पण मला पलाव येत नाही," मिर्झोहिद म्हणाला.

"यायला कशाला पाहिजे, आका? टीव्हीवर वास थोडाच येतो."

मग तिनं त्याला एक वाक्य दिलं: पलाव हे पुरुषाचं काम, बाईचा हात लागला की चव जाते. मिर्झोहिदनं गेर्ता-ओपाकडं पाहिलं. ती वाडगा घेऊन स्टुलावर बसली होती. तो ते वाक्य बोलला. पहिल्या वेळी मागून ट्रक गेला, म्हणून पुन्हा बोलला. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी जास्त मनापासून बोलला.

नवरोजच्या सणाला कार्यक्रम लागला, आणि तासाभरात व्याह्यांच्या घरून फोन आला. मिर्झोहिदच्या मुलीचं, ओयदिनचं, लग्न तीन आठवड्यांवर होतं. लग्नाच्या दिवशी दुपारी वधूपक्षानं दोनशे पुरुषांना पलाव वाढायचा असतो, आणि तो गेर्ता-ओपा आपल्या अंगणात करून देणार हे कधीच ठरलं होतं. फोनवर नवऱ्या मुलाचे आजोबा होते, तुर्गुन-ओता. लग्नघरी पलाव मऊ झाला म्हणून दोन सोयरिकी मोडल्याची त्यांची ख्याती होती.

"व्याही, टीव्ही पाहिला. काय तो हात! लग्नाचा पलाव तुमच्याच हातचा खाणार. मी चाळीसजण घेऊन सकाळीच येतो, कढईभोवती बसून बघू."

मिर्झोहिदची पाचावर धारण बसली. तो तसाच भिंतीशी गेला.

"गेर्ता-ओपा, एक अडचण झालीय."

"पुरुषाचं काम आहे ना? मी बाईमाणूस. माझा हात लागला तर चव जाईल."

"ते मला म्हणायला लावलं हो."

"एकदा लावलं. दोनदा म्हणालास." गेर्ता-ओपानं कपडे वाळत घालणं थांबवलं नाही. "तीस वर्षं तुझ्या घरात माझा पलाव जातोय. आणि मांडीवर वाडगा घेऊन बसले मी. ते जाऊ दे. तू एका पुरुषाला, फक्त एकाला पटवून दे की त्या दिवशीचा पलाव माझा होता. मग दोनशे काय, चारशेंचा करते."

मिर्झोहिदला वाटलं, हे तर सोपं आहे. खरं तर सांगायचंय.

आधी तो चहाखान्यात बोतिरकडं गेला. बोतिर त्याचा शाळेपासूनचा मित्र. सगळं ऐकून बोतिरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "गेर्ता-ओपा? अरे, ती सॅलड करते. मी स्वतः पाहिलं."

"कुठं पाहिलंस?"

"टीव्हीवर."

"त्यात मी होतो, बोतिर! मी सांगतोय तुला!"

"हो ना. तू पलाव करत होतास."

तिथून तो एका नावाजलेल्या आचाऱ्याकडं गेला, निदान गुपचूप कुणीतरी मदतीला असावं म्हणून. आचाऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाईचा हात लागला की चव जाते म्हणणारे तुम्हीच ना? त्यावरून माझी बायको चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. आणि आता माझी थट्टा करायला आलात?" मिर्झोहिदनं शाहिस्तालाही फोन केला. दुरुस्ती दाखवता येणार नाही, ती म्हणाली, पण माणूस लोकांना फार आवडलाय, पुढच्या भागात घोड्यावर बसाल का?

शेवटी तो थेट तुर्गुन-ओतांच्या पायांशी जाऊन बसला. त्यानं एकूण एक सांगून टाकलं. म्हातारा ऐकत राहिला, मग डोळे पुसून घरातल्या बाकीच्यांना म्हणाला, "बघा. एवढा कसबी माणूस, आणि नम्रता बघा. मुलीवर संस्कार उगाच नाहीत."

घरी बायकोनं, मुहय्योनं, त्याच्याकडून दोनदा सराव करून घेतला. पहिला पलाव कोंबड्यांनी खाल्ला. दुसरा कोंबड्यांनीही सोडला. ओयदिन रात्री आईजवळ जाऊन रडली. ते ऐकल्यापासून मिर्झोहिद अंगणात नुसता येरझारा घालत होता. संगीतशाळेतले दोन पियानो त्यानं त्या आठवड्यात असे लावले, की मुलांनी तक्रार केली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मिर्झोहिदच्या अंगणात चाळीस म्हातारे कढईभोवती गोल करून बसले. मिर्झोहिदला टोपी घातलेली. तेल तापलं, कांदा पडला, मांस पडलं. इथवर भाच्यांनी निभावून नेलं. गाजर पडलं. पाणी पडलं. धुतलेले तांदूळ वर पसरले, आणि सगळे त्याच्याकडं बघू लागले.

तांदूळ पडल्यावर कढईला कुणी हात लावत नाही. वाफ आपलं काम करते, माणसानं गप्प बसायचं. ताश्कंदच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण मिर्झोहिदवर चाळीस जोडी डोळे रोखलेले होते, आणि त्याला आयुष्यात एकच गोष्ट करून दाखवता येत होती. त्यानं झारा उचलला, तळापर्यंत घातला, तीनदा गरागरा ढवळला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

चाळीस म्हातारे कढईकडं सरकले.

"नवी पद्धत असेल," बोतिर मागून हळूच म्हणाला.

"टीव्हीवर अस्संच केलं होतं," आणखी कुणी म्हणालं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एकानं ती पद्धत लिहून घ्यायला कागद मागितला.

तुर्गुन-ओता काठी टेकत उठले. कढईत वाकून पाहिलं. तांदूळ, गाजर, मांस, सगळ्याचा एक लगदा होऊ लागला होता. मग त्यांनी मिर्झोहिदच्या तोंडाकडं पाहिलं.

"पटलं," ते म्हणाले. "व्याही, तुम्ही त्या दिवशी खरंच सांगत होतात. तुम्ही जन्मात पलाव केलेला नाही."

मिर्झोहिदला रडावं की हसावं कळेना. आयुष्यात कुणी एवढा मान दिल्यासारखं त्याला वाटलं नव्हतं. तो टोपी सावरत भिंतीकडं धावला.

"गेर्ता-ओपा! पटलं! एकाला पटलं!"

"कुणाला?"

"तुर्गुन-ओतांना!"

भिंतीपलीकडून गेर्ता-ओपाचा आवाज आला, "मग दोन तगडी माणसं पाठव. कढई जड आहे. आणि जपून, आत्ताच झाकण काढलंय."

मिर्झोहिद जागीच थबकला. दोनशे माणसांचा पलाव व्हायला तीन-चार तास लागतात. म्हणजे म्हातारे यायच्या आधीच तिकडं चूल पेटली होती.

दुपारी दोनशे माणसं बोटं चाटून जेवली. जेवण झालं तसे सगळ्यांनी दुव्यासाठी हात वर केले, करणाऱ्याच्या हातांना कधी दुखणं न येवो म्हणून, आणि सगळी तोंडं आपोआप मिर्झोहिदकडं वळली. बोतिरचं तर सगळ्यात आधी.

तुर्गुन-ओतांनी मिर्झोहिदला दोन्ही खांद्यांना धरलं आणि गर्रकन उलटं फिरवलं, दोन अंगणांमधल्या भिंतीतल्या दाराकडं तोंड करून. दारात गेर्ता-ओपा एप्रनला हात पुसत उभी होती. मिर्झोहिदनं हात वर केले. ते पाहून एकेक करत दोनशे माणसं तिकडं वळली, काही समजून, बरीचशी न समजताच.

"माझ्याकडं काय बघत बसलाय?" गेर्ता-ओपा म्हणाली. "अजून अर्धी कढई आहे. गार झाल्यावर खाणार काय?"