दगडाची भुरभुर आणि दोन नान

"आई, मी परक्या ताऱ्याच्या ग्रहाची धग इथे बसून मोजतो! दोन नानांवर लक्ष ठेवायला असं काय लागतं?" दोनियोरने छाती फुगवून सांगितलं. आई घाईत होती, म्हणून तिने विश्वास ठेवला!

ते नान साधे नव्हते. आज मुलाकडची मंडळी येणार, त्यांचे आजोबा हे दोन्ही नान हाताने मोडणार आणि दोनियोरच्या बहिणीची, मुनिसाची, सोयरीक पक्की होणार. नान न मोडता मंडळी परत गेली, तर शहरिसब्ज गावभर बोभाटा! शिवाय मुनिसाला तो मुलगा मनापासून आवडला होता.

दोनियोरने तंदुरात डोकावलं. लाल निखारे, थरथरती हवा... आणि वेधशाळेतला हा गडी हरवला की हो! त्याचा लाडका ग्रह असाच असणार. एक गाल कायम ताऱ्याकडे, दुसरा कायम अंधारात. उजेडाच्या बाजूला खडक वितळून समुद्र झालेला, केशरी, संथ. त्याची वाफ वाऱ्याबरोबर अंधाराकडे निघते, वाटेत निवते आणि सांजेच्या काठावर दगडाची बारीक भुरभुर सुरू होते. ती सांज कधी सरतच नाही. तिथे जाऊन नुसता तळहात पुढे करावा... किती सुंदर!

"आका, जळका वास येतोय!" मुनिसा थोरल्या भावावर किंचाळली.

नान निघाले ते एका गालाला कोळसा होऊन. टणक इतके की ताटात ठेवताच ताट वाजलं!

"दुसरे लाव ना, आका!"

"पीठ कुठाय? आणि ते बघ, मंडळी दारात!"

आजोबा जुने पैलवान. बाह्या सरसावून त्यांनी नान धरले. मानेच्या शिरा फुगल्या, नान ढिम्म! सुरी लावणं म्हणजे अन्नाचा अपमान, आपटणं तर पापच. मग काका झाले, मामा झाले. "हा अपशकुन तर नाही ना?" कुणीतरी कुजबुजलं. आईचा चेहरा पडला.

"चूक माझी आहे!" दोनियोर घाबरून बोलत सुटला. "असा एक ग्रह आहे..." तो दगडाच्या भुरभुरीपर्यंत पोचला, तेव्हा मुलाची आजी चहाचा पेला हातात धरून कुठेतरी दूर बघत होती.

"सांज सरतच नाही?" ती हळूच म्हणाली. "मग तिथे पाहुण्यांनी घरी निघायचं कधी?"

"सोयरीक झाली की!" म्हणत मुनिसा तणतणत बाहेर आली. अशा वेळी मुलीने बाहेर यायचं नसतं, पण धीर कुणाला? तिने दोन्ही नान गुडघ्यावर धरले, डोळे मिटले, आणि काडकन!

मग आजोबांनी मांडीवर थाप मारली. "पोरगी आमची!"

आईला रडू आवरेना. आजीने आपल्या वाट्याचा तुकडा रुमालात बांधला. "हा लग्नापर्यंत जपायचा असतो. हा तर नातवंडांच्या लग्नालाही पुरेल!"

दोनियोरने खाली मान घालून आपला तुकडा चहात बुडवला. चहा गार झाला. तुकडा होता तसाच राहिला!