माझ्या वाट्याचे लाडू

बाळंतपण माझं झालं. डिंकाचे लाडू मात्र रुखमाआत्यांनी खाल्ले. तेही आणणाऱ्या बाईच्या देखत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला शुगर, त्यात सिझेरियन. पेडगावला माहेरी आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोड बंद. पण लाडू घेऊन येणारी प्रत्येक बाई सांगायची, "साखरेचा कण न्हाई यात, सगळा गूळ हाय." गुळानंही शुगर वाढते, हे मला इंग्रजीत उत्तम समजावता आलं असतं. मराठीत मी लाजून लाडवासाठी तोंड उघडायचे.

टाक्यांचा एक कोपरा ओला राहू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुगर उतरली नाही तर जखम भरणार नाही, पुन्हा शिवावी लागेल. परतताना मी गाडीत रडले. ड्रायव्हरला त्रास नको म्हणून आवाज न करता.

ते कळताच आत्या राणीसावरगावहून आल्या आणि माझ्या खोलीच्या दारात ठाण मांडून बसल्या. बाळंतिणीचा लाडू माघारी पाठवायचा नाही, हा त्यांचा कायदा. तो बाळंतिणीच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, हा डॉक्टरांचा. आत्यांनी दोन्ही पाळले.

"पोरीला द्या की एखादा," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"तिच्या वाटचं मी खायलेय. तुमी वाढा."

"अवं, फुगायलात तुमी."

"फुगू द्या. मला कुठं टाके हायेत?"

मला भाकरी, मेथी, मोडाची मटकी आणि रोजचा हुकूम, "दाखीव." मी चादर गळ्यापर्यंत ओढायचे. आत्या मोबाईलची बॅटरी लावून उभ्याच. "आता लाजायलीस? डाक्टरनं फाडताना लाजलीस का?" कोपरा कोरडा दिसला की जखमेलाच म्हणायच्या, "शाणी हाय बाई." मला तसं कधी म्हणाल्या नाहीत.

शेवटी एकदाची जखम भरली. दवाखान्यातून आल्याबरोबर आत्या पिशवी भरू लागल्या. मी धीर करून म्हटलं, "आत्या, माझ्यापायी किती लाडू खावे लागले तुम्हाला."

त्या लुगड्याची घडी घालत राहिल्या. "घरातल्या समद्या लेकीसुनांना म्या लाडू करून घातले. मला लेकरूच झालं न्हाई, मग मला कोण करतंय? तुझ्या नावानं का हुईना, बायांनी पुढ्यात बसून वाढले."

मी पिशवी उचलून खाटेखाली सरकवली.

"काकू उद्या पुन्हा लाडू आणणार आहेत," मी म्हटलं. "मला अजून मनाई आहे."