किल्ली ज्याची त्याच्याकडे

भामरे अण्णा लग्नाच्या मांडवातही बूट काढत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट घालूनच वधूवरांवर अक्षता टाकतात. "मांडवात लायटिंग लय, अन् ओल कुठं असंल सांगता येत नाय," म्हणतात.

नाशिकच्या एमआयडीसीत आमच्या आवारात खाणीतला टाकाऊ चिखल येतो. हौदात सळ्या रोवून वीज सोडली की पाणी एका बाजूला गोळा होतं, चिखल आळतो. अण्णा तिथले सुरक्षा पर्यवेक्षक. सळ्यांपाशी पेट घेणारा गॅस सुटतो, म्हणून एका पाहुण्या साहेबांच्या ओठांतली सिगरेट त्यांनी हात जोडून काढून घेतली होती.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझ्या हातात कुलूप ठेवलं. त्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव. मला केवढं अप्रूप!

"या, ग्रॅज्युएट! हौदात उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, हे त्याला लावायचं. किल्ली आपल्या खिशात. वर आलं की आपलं आपण काढायचं."

सगळ्यांची कुलुपं निघेपर्यंत स्विच चालूच होत नाही.

एकदा मोठं गिऱ्हाईक चाचणी बघायला आलं आणि स्विचला आमच्यातल्या निकमचं कुलूप तसंच! फोन लागेना.

"तोडा ते," आमचे साहेब म्हणाले.

"माणूस दिसल्याबिगर नाय."

"अहो, हौदात कोणी दिसतंय का?"

"चिखलात बुडालेला दिसतो व्हय, साहेब?"

"नोकरी जाईल, अण्णा!"

अण्णा स्विचखाली स्टूल टाकून बसले. निकम किल्ली खिशात घालून नांदगावला भावाच्या साखरपुड्याला गेला होता. संध्याकाळी पेढे घेऊन उगवला, तोवर पाहुणे निघून गेले होते. साहेबांनी अण्णांना घरी बसवलं.

राग निवल्यावर त्यांना बोलवायला साहेबांनी मलाच पंचवटीत धाडलं. दार नुसतं लोटलेलं. अण्णा एकटेच होते, अनवाणी. त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले.

दाराच्या आतल्या कडीत एक कुलूप अडकवलेलं होतं, त्यामुळे कडी लागतच नव्हती. त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव: वैशाली. त्यांची लेक. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून अण्णांनीच तिला उंबरा बंद केला होता, हे सगळ्या आवाराला ठाऊक होतं.

"अण्णा, रात्रीही दार असंच?"

"किल्ली तिला कुरिअरनं धाडलीय." अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "आता ती आत आल्याबिगर कडी कशी लावू?"