दियेमचा पायगुण

सकाळचे ऊन त्या गल्लीत कधीच थेट येत नसे. आधी ते नव्या इमारतीवरच्या क्रेनच्या लांब हातावर थबके. तेथून पत्र्यांच्या छपरांवर घसरत, विजेच्या तारांच्या गुंत्यातून गाळल्यासारखे बारीक होऊन खाली उतरे. वाळत घातलेल्या शर्टांच्या बाह्यांत क्षणभर शिरे. आणि शेवटी, इतक्या प्रवासानंतर कुणीतरी ओळखीचे भेटावे म्हणून की काय, दियेमच्या आरशात येऊन बसे. दियेम हा रस्त्यावरचा न्हावी. भिंतीवरच्या खिळ्याला तो आरसा टांगी, किंचित डावीकडे कलता करी, आणि आरशातला उजेडाचा चौकोन समोर कॉफीचे बाकडे मांडणाऱ्या न्हानबाईंच्या किटलीवर जाऊन पडे. आरसा कलताच का, असे कुणी विचारले, तर खिळा वाकडा आहे, असे तो सांगे.

अकरा वर्षे न्हानबाईंची भवानी दियेमच करीत होता. पहिल्या गिऱ्हाइकाचा पायगुण जड निघाला की दिवस बुडाला, हे सायगॉनच्या त्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होते. आणि आपला पायगुण हलका आहे, याची दियेमला खात्री होती. काळ्या कॉफीचा पेला घेऊन तो आपल्या खुर्चीपाशी जाई आणि तेथे पाठमोरा उभा राहून सावकाश संपवी. खुर्चीशेजारच्या कुंडीतले झाड तेवढे जगत नसे. हे चौथे.

"बांधकामाची धूळ," दियेम म्हणे.

गेल्या महिन्यात नाक्यावर काचेचे, गार हवेचे कॉफीगृह उघडले आणि न्हानबाईंचे बाकडे ओस पडू लागले. कँथो गावाहून त्यांच्या बहिणीचे पत्र आले: दुकान मोड, इकडेच ये. ते पत्र साखरेच्या डब्याखाली होते. उत्तर गेले नव्हते. तेव्हापासून दियेम आरसा पंधरा मिनिटे आधीच टांगू लागला होता.

अशा दिवसांत गल्लीत चित्रपटवाले आले. बदलत्या सायगॉनमधल्या चार माणसांची एकमेकांत गुंतलेली आयुष्ये, असा काहीसा त्यांचा विषय होता. दिग्दर्शक ख्वे हा तिशीचा, दाढी राखलेला मुलगा. किटलीवरचा उजेडाचा चौकोन पाहून तो हरखला.

"काका, आरसा हलवू नका! आणि मावशी, तुम्ही रोजच्यासारखं दुकान मांडा. आमचा हीरो येईल, भाव विचारेल, विचारात पडेल आणि निघून जाईल."

"काही न घेता?" न्हानबाईंच्या हातातला चमचा थांबला.

"शहर इतकं बदललंय, की त्याला काही घ्यावंसंच वाटत नाही."

"मग नाक्यावरच्या काचेच्या दुकानात नको वाटू दे त्याला! माझी अजून भवानी व्हायचीय."

पण चित्रपटवाल्यांकडे वॉर्ड कार्यालयाचा परवाना होता. हीरो आला, भाव विचारला, विचारात पडला आणि निघून गेला. न्हानबाईंनी तत्काळ वर्तमानपत्राचा बोळा पेटवला आणि त्याचा जड पायगुण घालवण्यासाठी बाकड्याभोवती ओवाळला. कॅमेऱ्यात धूर शिरला.

"कट! पुन्हा!"

पुन्हा म्हणजे पुन्हा भाव, पुन्हा विचार, पुन्हा रिकाम्या हाताने जाणे. आणि पुन्हा बोळा. चौथ्या वेळी वर्तमानपत्र संपले. न्हानबाईंनी हाताला लागतील ते कागद पेटवले.

"मावशी! ती पटकथा आहे!"

"शेवटची पानं होती फक्त."

"शेवटच होता तो!"

"बरंच झालं. असल्या पायगुणाचा शेवट काय चांगला होणार होता?" लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या साउआजींनी टोमणा मारला. त्यांचेही सकाळपासून एकही तिकीट खपले नव्हते.

ख्वे डोके धरून बसला. "काय केलं म्हणजे हे थांबेल?"

"आधी दियेमभाऊंच्या हातून भवानी होऊ द्या," न्हानबाई म्हणाल्या.

ख्वेने दियेमकडे पाहिले. पाठमोरा तो हीरोसारखाच होता. शेवट जळलाच होता, तेव्हा नवा सुचायला हरकत नव्हती. "काका, तुम्हीच बसा. पण पेला इथंच, मावशींच्या समोर संपवायचा. पूर्ण."

अकरा वर्षांत जे कधी घडले नव्हते, ते घडायची वेळ आली. दियेमने डोळे मिटून पहिला पेला संपवला. क्रेनचा भोंगा वाजला. "पुन्हा!" दुसऱ्या पेल्याला साउआजी मध्ये आल्या. तिसऱ्या पेल्याला त्याच्या कपाळावर घाम होता.

"बरं वाटत नाही का हो?" न्हानबाईंनी विचारले.

"फर्मास झालीय."

चौथा पेला हाती आला, तोच ख्वे ओरडला, "उजेड सरकला! काका, आरसा!"

दियेम पेला घेऊनच उठला. आरसा पुन्हा किटलीकडे वळवला. आणि मग अकरा वर्षांच्या सवयीने, कॅमेऱ्यादेखत, त्याचा हात आपोआप कुंडीकडे कलला.

न्हानबाई उठून आल्या. कुंडीतली चिमूटभर माती त्यांनी नाकाशी नेली.

"बांधकामाची धूळ काय?"

दियेमने रिकामा पेला खाली ठेवला.

"अकरा वर्षं! चार झाडं! कॉफी आवडत नव्हती, तर यायचात कशाला?"

"तुमची भवानी… माझा पायगुण…"

"पायगुण! काल तुमच्यानंतर चार माणसं आली. त्यात एक पत्ता विचारायला." त्या परत बाकड्याशी गेल्या आणि काही वेळ साखरेचा डबा उगाच इकडेतिकडे सरकवीत राहिल्या.

"बहिणीच्या पत्राचं उत्तर…" दियेमने कसेबसे विचारले.

"जळलं ते पत्र. पटकथेबरोबर. हाताला लागेल ते पेटवत होते ना मी." न्हानबाईंनी कॉफीवर फुकट द्यायच्या चहाची किटली उचलली, पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. "उद्यापासून हा प्या. पण चहाचे पैसे मी कुणाकडून घेत नाही. मग भवानी कशी व्हायची? गिऱ्हाईक कसले तुम्ही?"

ख्वेने कॅमेरा थांबवायला सांगितले नव्हते. दियेमने पेला दोन्ही हातांनी धरला. चहा चांगला होता.

"गिऱ्हाईक मी कधीच नव्हतो, न्हानबाई," तो म्हणाला.