नंबरवाले सत्याप्पा

आमच्या शेजारचे सत्याप्पा भाड्याच्या मोटारीचे मालक होते, पण त्यांना स्वतःला कुठे गावाला जायचे झाले तर ते दुसऱ्याच्या मोटारीतून, भाडे भरून जात. त्यांची मोटार तिथेच पिंपळाखाली धुऊनपुसून उभी असे. पण तिचा नंबर चौथा, आणि पहिल्या नंबरावर दुसऱ्याची मोटार. सत्याप्पा गिऱ्हाईक झाले म्हणून काय झाले? गिऱ्हाईक पहिल्या नंबरात बसते. तसे ते बसत, मागच्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन, आणि निघताना आपल्याच मोटारीकडे अशा नजरेने बघत की जणू ती कुणा मोठ्या माणसाची आहे.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची, निपाणीची. आमच्या दारासमोर पिंपळाचा पार होता आणि पाराभोवती भाड्याच्या मोटारी थांबत. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून खिडकीच्या गजांतून तो पार बघत होते. तंबाखूच्या दिवसांत वखारींतून असा वास येई की दुपारी डोके जड होऊन सगळे गाव पाण्याखाली गेल्यासारखे वाटे. माणसे हळू चालत, बैल हळू चालत, आणि मोटारींच्या पितळी दिव्यांत पिंपळाची पाने उलटी हलत. मी भाकरीचे पीठ मळायचे विसरून बघत राही.

त्या मोटारी पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. सत्याप्पांनी नेम घालून दिला होता. मोटार आली की ड्रायव्हरने आपले हँडल काढून पारावर ठेवायचे, आधी आलेल्याच्या हँडलाशेजारी. पहिले हँडल ज्याचे, पहिले गिऱ्हाईक त्याचे. त्याने आपले उचलले की बाकीची वीतभर पुढे सरकवायची. हे सरकवायचे काम सत्याप्पा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. देवाचे टाक मांडावे तशी ते ती हँडले फडक्याने पुसून मांडीत आणि म्हणत, "गाडी चाकावर, धंदा नंबरावर."

हे वाक्य ते कुठेही म्हणत. बारशाला म्हणत, मयतीला म्हणत. पंगतीत वाढपी मधलेच पान सोडून पुढे गेला तर तिथेही म्हणत.

नेम नव्हता तेव्हाची तऱ्हा जुने लोक सांगत. चार ड्रायव्हर एका प्रवाशावर तुटून पडत. एकदा म्हणे एका गृहस्थांची ट्रंक कोल्हापूरच्या मोटारीत गेली, बायको बेळगावच्या मोटारीत गेली, आणि ते स्वतः छत्री घेऊन पिंपळाखाली राहिले. त्या दिवसापासून सत्याप्पांनी हा नंबर काढला. कुणी प्रवाशाचे गाठोडे ओढले की ते पारावरून ओरडत की गिऱ्हाईक म्हणजे कालवड नव्हे वढायला.

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणत असू. मावशी तोंडाने फटकळ. एकदा त्यांचा भाऊ माहेरी न्यायला आला, तशा त्या नवे लुगडे नेसून हौसेने नवऱ्याच्या मोटारीत जाऊन बसल्या. सत्याप्पा आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उतर. आपला तिसरा हाय."

मावशी उतरल्या. पण सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "मला बघायला आलतासा तवा बी नंबर लावूनच आलतासा काय वो?"

ड्रायव्हर खाली माना घालून हसले. सत्याप्पाही हसले. पण मावशी गेल्या त्या पहिल्या नंबराच्या मोटारीतूनच.

मग एक शेट आले. त्यांचे नाव कशाला लिहू. त्यांनी एकदम तीन नव्या मोटारी आणल्या. त्या पाराला येत नसत. अलीकडे नाक्यावरच थांबत, प्रवासी स्टँडला पोचायच्या आत त्याला कमी भाड्यात उचलत आणि धुरळा उडवीत निघून जात. पारावरची हँडले सकाळी मांडलेली तशीच दुपारपर्यंत राहू लागली. सत्याप्पा ती पुन्हापुन्हा पुसत.

शेटच्या एका मोटारीवर माझा पाठचा भाऊ महादू लागला. आमचे माहेर बेळगावजवळ उचगावला. तो बेळगावात मोटार शिकला आणि नोकरी लागली म्हणून आमच्याकडे राहायला आला. शेजारी सत्याप्पा, घरात शेटचा ड्रायव्हर. मला तर दारात उभे राहायची चोरी झाली. मी मुळात कुणाशी बोलत नसे. सत्याप्पांच्या समोर तर मी कधी शब्द काढला नव्हता.

स्टँडवरच्या लोकांनी ठरवले की शेटच्या वाटेवर खिळे टाकायचे. सत्याप्पांनी मोडता घातला. टायर शेटचे आहे, पण त्यावर बसलेला जीव शेटचा नव्हे, असे ते म्हणाले. त्यापेक्षा मी जाऊन बोलतो. धुतलेले धोतर नेसून, डोक्याला रुमाल बांधून ते शेटकडे गेले. आपल्या मोटारी पाराला आणा, सगळ्यांचे भाडे एक ठेवा, आणि लांबून आलेल्या ड्रायव्हरला जेवल्याझोपल्याशिवाय परत पाठवू नका, एवढे त्यांनी सांगितले. शेटनी विचारले, तुम्ही कोण, मामलेदार?

"न्हाय," सत्याप्पा म्हणाले, "मी आज नंबर चार."

शेट हसले आणि त्यांनी चहा पाजून त्यांना परत पाठवले. चहा चांगला होता, असे सत्याप्पा सगळ्यांना सांगत आले.

महादूची मोटार मात्र थांबत नव्हती. कोल्हापूरहून आला की बेळगाव, बेळगावहून आला की पुन्हा कोल्हापूर. चाक थांबले की धंदा बसतो, असे शेटचे म्हणणे होते. महादू घरी येई तो डोळे तांबारलेले. घास हातात धरून बसल्या जागी डुलकी घेई. एके दिवशी जेवता जेवता तो आपल्याशीच हसला. मी विचारले, काय झाले रे?

"आक्का, बेळगावासनं येताना तवंदीचा घाट उतरत हुतो. समोर आपलं शेत आलं. आपली बैलं दिसली, पांढरी. मी कासरा वढला. डोळं उघडलं तर गाडी दरीच्या अंगाला."

तो हे गंमत म्हणून सांगत होता. त्याच्या तोंडावर इतके समाधान होते की घरी जाऊन आल्यासारखा दिसत होता.  नोकरी सोड म्हणावे तर उचगावात आई त्याच्याच जिवावर. नको सोडू म्हणावे तर तो घाट.  मी परसात गेले आणि भिंतीवरून मावशींना सगळे सांगितले. मावशींनी ऐकून घेतले आणि तडक घरात सत्याप्पांना सांगायला गेल्या. 

दुसऱ्या दिवशी महादू नाक्यावरून गिऱ्हाईक घेऊन निघाला. तंबाखूचे एक लठ्ठ व्यापारी होते, त्यांना बेळगावला जायचे होते. पिंपळाजवळ मोटारीत पाणी घालायला म्हणून तो थांबला. सत्याप्पांनी त्याला हाक मारली. दोन घास खाऊन जा म्हणाले. व्यापारी कुरकुरले, तर त्यांनाही ताक पाठवले. मावशींनी महादूला गरम भात, आमटी, वर दही असे वाढले की तो हात धुऊन त्यांच्या पुढच्या सोप्यात नुसता टेकला आणि तिथेच आडवा झाला. सत्याप्पा उठले, शेटच्या मोटारीचे हँडल काढून घेऊन आले आणि त्यावर घोंगडे टाकून बसले.

आता मोटार सुरू व्हायची नाही. व्यापारी ओरडू लागले. पारावरच्या पहिल्या नंबराच्या ड्रायव्हरला वाटले, देव पावला. तो धावत आला की साहेब, माझ्यात बसा. सत्याप्पांनी त्याला बसल्या जागेवरून थांबवले. गिऱ्हाईक महादूचे आहे. माणूस झोपला म्हणून त्याचे गिऱ्हाईक न्यायचे नाही. बिचारा ड्रायव्हर हात चोळत परत गेला. व्यापाऱ्यांना पायी घाट चढायचा नव्हता. ते मोटारीत बसून राहिले. ऊन चढले, वखारींचा वास दाटून आला. थोड्या वेळाने तेही मान टाकून झोपले. मग पारावरचे ड्रायव्हर झोपले, पिंपळाखालची कुत्री झोपली. पानेसुद्धा हलत नव्हती. सगळ्या रस्त्यावर एक सत्याप्पा तेवढे जागे. रुमालाने महादूच्या तोंडावरच्या माश्या वारीत होते. एक बैलगाडी आली तर त्यांनी हातानेच गाडीवानाला खुणावले, आणि तो शहाणा माणूस खाली उतरून बैलांच्या घुंगुरमाळा मुठीत धरून पुढे गेला.

अशात शेट आले. मोटार बघून त्यांचा पारा चढला. त्यांनी हँडल मागितले.

सत्याप्पा म्हणाले, "हळू बोला."

"मी याला कामावरनं काढलं," शेट म्हणाले.

"उठल्यावर सांगा. झोपलेल्या माणसाला काढायचं न्हाय, असा नेम हाय."

"कुणाचा नेम?"

"आत्ताच केला."

 भावाची नोकरी गेली होती आणि त्याला ते ठाऊकही नव्हते. तो आपल्या बैलांमागे कुठेतरी चालला होता. शेटना वाटले असेल, दोन माणसे आणून हँडल हिसकावून घ्यावे. पण समोर आपलेच मोठे गिऱ्हाईक घोरत पडलेले. त्याला उठवून तमाशा कसा दाखवायचा? ते सोप्याच्या पायरीवर बसले, महादूला काढून टाकण्यासाठी तो उठायची वाट बघत. मावशींनी त्यांनाही ताक दिले. दोघे म्हातारे महादूकडे बघत बसून होते. लांबून बघणाऱ्याला वाटावे, घरात आजारी माणूस आहे आणि हे त्याच्या उशाशी बसलेत.

ऊन कलले तेव्हा महादू उठला. शेटनी त्याला काढल्याचे सांगितले. तो अजून झोपेतच होता. "बरं मालक," म्हणाला आणि त्याने मावशींकडे पाणी मागितले.

तेवढ्यात व्यापारीही डोळे चोळत आले. शेट त्यांना म्हणाले, चला, दुसरा ड्रायव्हर देतो, आत्ताच कोल्हापूरहून आलाय.

"त्याची झोप झालीय?" व्यापाऱ्यांनी विचारले. पारावर त्या घाटातल्या बैलांची गोष्ट केव्हाच पोचली होती आणि ताकाबरोबर कुणीतरी ती त्यांनाही ऐकवली होती. "न्हाय न्हवं? मग मला हाच पायजे. सगळ्या निपाणीत झोप झालेला डायवर ह्यो एकच हाय."

 सत्याप्पांनी घोंगड्याखालचे हँडल काढले, पुसले आणि महादूच्या हातात दिले. महादू व्यापाऱ्यांना घेऊन बेळगावला गेला. नोकरी गेली की राहिली हे त्याला कुणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही.

व्यापारी बोलका माणूस. बाजारात गोष्ट पसरली. लोक मोटारीत पाय ठेवायच्या आधी ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघू लागले, झोप झाली का विचारू लागले. भाडे कमी का असेना, पेंगणाऱ्याच्या मोटारीत कुणी बसेना. मग शेटचे तिन्ही ड्रायव्हर दुपारी सत्याप्पांच्या सोप्यात येऊन झोपू लागले. मावशींनी अंथरायला ठेवणीतल्या वाकळा काढल्या. सत्याप्पा त्यांच्या उशाशी बसत. कुणाला केव्हा उठवायचे ते त्यांच्या बरोबर ध्यानात राही. आधी झोपला तो आधी उठायचा. तिथेही नंबर होता.

शेट काही वेडे नव्हते. पुढे त्यांनी नाक्यावर पत्र्याची शेड बांधली, आत बाजली टाकली, आणि मोटारीही पाराच्याच भाड्यात नंबराला लावल्या. ड्रायव्हर आता शेडमधेच झोपू लागले. सत्याप्पा मुद्दाम शेड बघायला गेले. बाजली हलवून बघितली, झकास केलंय म्हणाले. स्टँडवरच्या लोकांनी पेढे वाटले. सत्याप्पांचे सगळे म्हणणे खरे झाले होते.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. घरात मी एकटीच होते. मी दाराआड झाले. ते रस्त्याकडे तोंड करून बोलले, मला अवघड वाटू नये म्हणून.

"पोरी, महादू लहानपणापासनंच घोरतो काय गं?"

मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले. "व्हय," म्हटले. "पाळण्यात हुता तवापासनं."

 त्यांनी पायाने उंबऱ्याजवळची पाने बाजूला केली.

"तसं न्हाय, सहज इचारलं," ते म्हणाले. "आमच्यात पोरबाळ न्हाय. तवा घरात कोण घोरत असलं की मला बी बसल्या जागी जरा डोळा लागायचा."

आणि ते गेले.

संध्याकाळी महादू आला. मी त्याचे ताट वाढले. उद्यापासून दुपारी मावशींच्यात जेव आणि जेवलास की तिथेच पड, म्हटले. शेडमधे बाजलं हाय की आक्का, तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितले. तो मुकाट्याने बरे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी बसले होते. पलीकडच्या सोप्यातून घोरणे येऊ लागले. थोड्या वेळाने त्यात दुसरे मिसळले, बारीक, म्हाताऱ्या माणसाचे. मावशी बाहेर आल्या आणि त्यांनी दार हळूच ओढून घेतले.