उभ्याने घातलेले लोटांगण

एका जंगलात, बाळांनो, देव आधी राहायला आला आणि झाडे मागाहून उगवली, असे तेथील वृद्ध सांगत. खरे-खोटे तो रानेश्वर जाणे. रानेश्वर हे त्या जंगलाचे दैवत. काळ्या पाषाणाची लहानशी मूर्ती, वर दगडी देऊळ, भोवती फरसबंद प्रदक्षिणेची वाट.

त्या जंगलात धोंडोबा नावाचा एक गवा राहत असे. खांदे टेकडीसारखे, कांती शाळिग्रामासारखी आणि मन लोण्यासारखे.

धोंडोबाच्या घराण्याला एक मान होता. वार्षिक उत्सवात रानेश्वराभोवती पहिले लोटांगण त्यांच्या घरचे. गव्याने भूमीवर अंग टाकायचे आणि गडबडा लोळत देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची. ती पुरी झाली की नैवेद्य. नैवेद्य झाला की साऱ्या जंगलाचे जेवण. तोवर कोणी गवताची काडीही तोंडात घालायची नाही, असा दंडक होता. त्या दिवशी वाघसुद्धा हरिणीशेजारी बसून जांभया देत असे.

धोंडोबा वासरू असताना त्याने वडिलांचे लोटांगण पाहिले होते. एवढा बलाढ्य जीव, पण देवापुढे धुळीची गोळी होऊन गेला होता. शेवटी वडिलांनी उंबऱ्यापाशी कपाळ टेकले आणि बराच वेळ उचललेच नाही. आपलेही कपाळ एक दिवस असेच टेकावे, याहून दुसरे काही धोंडोबाने जन्मात मागितले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग अडले कुठे? अडले पोटाशी.

धोंडोबाला खाण्याचा सोस नव्हता, हे ध्यानात धरा. त्याला प्रसादाचा सोस होता. कोणाकडे सत्यनारायण असो, कोणाकडे व्रताचे उद्यापन असो, वाटी पुढे आली की धोंडोबा ती कपाळाला लावी आणि रिती करी. "प्रसादाला नाही म्हणू नये," असे वडिलांनी सांगून ठेवले होते. पुरे केव्हा म्हणावे, हे सांगण्याआधीच ते वारले.

शिऱ्याने खांदे भरले. पंचखाद्याने मान भरली. उरलेले सारे महाप्रसादाने भरून काढले.

मागल्या उत्सवात धोंडोबा लोटांगण घालत देवळामागे गेला आणि भिंत व दीपमाळ यांच्या मधोमध अडकला. पुढे जाईना, मागे येईना. माकडांनी अंगाला तेल चोळून त्याला सोडवले, तेव्हा सूर्य मावळला होता आणि वाघ हरिणीकडे जरा जास्तच मायेने पाहू लागला होता.

दुसऱ्याच दिवशी देवस्थानचे पंच जमले. चिंतोपंत कोल्हे त्यांचे प्रमुख.

"धोंडोबा, तुमच्या श्रद्धेविषयी आमचा आक्षेप नाही," चिंतोपंत म्हणाले. "घेराविषयी आहे."

"शरीर देवाने दिले आहे, पंत."

"देवाने दिले त्याला आम्ही कुठे नावे ठेवतो? त्यावर तुम्ही जे बांधकाम केलेत, त्याविषयी बोलतो आहोत. पुढल्या उत्सवापर्यंत आवरा. नाहीतर मान खवले मांजराकडे जाईल. ते जन्मतःच गोल वळते."

धोंडोबा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पत्नी गोदूबाई पाणी घेऊन आली.

"काय म्हणाले पंच?"

"कपाळ टेकायचे असेल तर पोट आवरा म्हणाले."

"मग उपास धरा."

धोंडोबाने उपास धरले. पण साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, वर शिंगाड्याची लापशी. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे काही त्या जंगलाला नवे नव्हते. महिन्याभरात दार मोडून रुंद करावे लागले.

अखेर धोंडोबा नदीकाठच्या डॉक्टर खेकड्यांकडे गेला. डॉक्टरांचा हात नाजूक होता. दोष इतकाच की ते कोणत्याही प्रश्नाला सरळ सामोरे जात नसत.

"पोटे किती?" डॉक्टरांनी विचारले.

"चार. आम्हा रवंथ करणाऱ्यांना चार कप्पे असतात. आधी गिळायचे, मग निवांत वर आणून चावायचे."

"म्हणजे एकच काम दोनदा. वाघाला एक पोट. मलाही एकच. मनुष्य तर एका पोटावर अवघे जंगल खातो. तुम्हांला चार कशाला? तीन काढून टाकू. चौथे पडवळाएवढे निमुळते करू. मग वाटीभर खाल्ले तरी तृप्ती."

"आणि मग लोटांगण घालता येईल?"

डॉक्टर डावीकडे सरकले. "चेंडूसारखे लोळाल."

"पुढे काही त्रास?"

डॉक्टर उजवीकडे सरकले. "यंदा नदीला पाणी बरे आहे."

"त्रासाचे विचारले मी."

"क्वचित एखाद्याला थोडे आंबट येते," असे डॉक्टर दगडाखालून म्हणाले.

सुतार पक्ष्याने धोंडोबाच्या पोटाला बारीक छिद्रे पाडली. डॉक्टर आत शिरले आणि ठरल्याप्रमाणे काम उरकून बाहेर आले. शुद्धीवर येताना धोंडोबाच्या ओठी रानेश्वराचे नाव होते, आणि घशाशी काहीतरी आंबट होते. त्याने नावाकडे लक्ष दिले.

पुढे धोंडोबा असा झपाट्याने उतरला की आरशासारखे पाणी असलेल्या तळ्यावर त्याला पाहायला गर्दी लोटू लागली. डॉक्टर खेकड्यांनी आपल्या दाराशी कातळावर आधीचा धोंडोबा आणि नंतरचा धोंडोबा अशी दोन चित्रे काढून घेतली. आधीच्या चित्राला दोन कातळ लागले.

पण ते आंबट काही जाईना. खाल्ले की छातीत निखारा पडे. वाकले की तो घशाशी येई. आडवे झाले की नाकापर्यंत. धोंडोबाने ऐकले होते की देव पोटात अग्निरूपाने वास करतो. तो इतक्या वरपर्यंत दर्शनाला येतो, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

धोंडोबाची आत्या, म्हणजे डोहाकाठची म्हातारी म्हैस, समाचाराला आली. तिने सारे ऐकून घेतले आणि भाच्याच्या पाठीवर शेपटी फिरवली.

"अरे वेड्या, खाल्लेले वर येते यात नवल ते काय? तुझा बाप रोज आणी. आजा तर दिवसभर आणी. आपल्या कुळात याला रवंथ म्हणतात."

"आत्या, हे जळते."

"नीट चावत नसशील."

"चावायला त्यात काही नसतेच. नुसती आग असते."

"मग आग चाव. हल्लीच्या पोरांना मेहनत नको. पोटे कापून घेतलीस, पण कुलाचार सुटला नाही, हेच देवाचे उपकार समज."

धोंडोबा आज्ञाधारक होता. तो आत्यासमोर बसून आग चावू लागला. डोळ्यांतून पाणी वाहिले. आत्याने साऱ्या कळपात सांगितले की पोराचे भजन फार वाढले आहे, हल्ली नुसते बसले तरी डोळे भरून येतात.

प्रसादाची पंचाईत तर विचारू नका. हरिणीने खिरीची वाटी आणली. धोंडोबाने ती कपाळाला लावली, ओठांना लावली आणि खाली ठेवली.

"का हो? खिरीत काही खोट आहे?" हरिणीने विचारले.

"नाही वहिनी. चमचाभर पोहोचली. आता ती खाली उतरेपर्यंत वाट पाहावी लागते."

"मागल्या वर्षी पातेले पालथे घातलेत तेव्हा कशाची वाट पाहिली नाहीत. मोठ्या घरच्या खिरी चालत असतील आता."

"तसे नाही हो."

"असू दे. बारीक झालेली माणसे ओळख विसरतात, ऐकून होते."

मग प्रत्येक जण औषध सुचवू लागला. कोणी म्हणे थंड दूध, कोणी म्हणे ताक, कोणी म्हणे जिऱ्याचे पाणी, कोणी म्हणे भिजवलेला सब्जा. सगळ्यांनी सगळे आणून दिले. बाळांनो, पडवळात किती मावणार? जे पोट जेवणाने भरत नव्हते, ते औषधांनी ओसंडू लागले. गोदूबाईने बिछान्याच्या उशाखाली दगड रचून उतार केला. धोंडोबा त्यावर मागचे पाय खाली आणि डोके वर अशा अवस्थेत पडे. लांबून पाहणाऱ्याला वाटे, गवा झोपेतही डोंगर चढतो आहे.

उत्सव आठवड्यावर आला, तेव्हा धोंडोबा पुन्हा नदीकाठी गेला.

"उत्तम," डॉक्टर खेकडे त्याच्याभोवती फिरून म्हणाले. "पथ्य एवढेच. थोडे खा, बसून खा, आणि खाली वाकू नका. आडवे तर मुळीच होऊ नका."

"डॉक्टर, मला लोटांगण घालायचे आहे."

"तेही नको."

"पण त्याचसाठी तर पोट कापले."

"शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे, धोंडोबा. तुमचा देह आता लोटांगणाला सर्वथा योग्य आहे. तुम्ही ते घालू नका, इतकेच." डॉक्टर थोडे सरकले. "हवे तर आणखी एक शस्त्रक्रिया करू. पडवळाला बगल देऊन वाट काढू. उत्सवानंतर मात्र."

धोंडोबा परत फिरला. वाटेत रानेश्वराचे देऊळ लागले. त्याने दारातून आत पाहिले. पूर्वी देह एवढा होता की वाकता येत नव्हते. आता वाकता येत होते, तर देहच वाकू देत नव्हता. देवाने मध्ये काही क्षण तरी सवलत द्यायला हवी होती, असे त्याला वाटून गेले. मग असे वाटल्याबद्दल त्याने कान धरले, तेही उभ्यानेच.

उत्सवाचा दिवस उजाडला. सारे जंगल उपाशीपोटी देवळासमोर बसले. नैवेद्याची ताटे झाकलेली होती, तरी वास झाकला जात नव्हता.

धोंडोबा पुढे आला. पाण्याचा थेंबही न घेता तो आला होता. त्याने रानेश्वराचे नाव घेतले आणि भूमीवर अंग टाकले. फरशी पाठीला गार लागली. त्याने पहिली कूस वळवली, आणि छातीतला निखारा उसळून थेट टाळूला भिडला. धोंडोबा खोकत, ठसकत उठून बसला. पुन्हा पडला. पुन्हा उठला. दुपार झाली तरी तो देवळाच्या पहिल्या कोपऱ्याशीच होता.

"पुरे," चिंतोपंत म्हणाले. "खवले मांजराला बोलवा."

खवले मांजर आले. त्याने समोर उपाशी जमाव पाहिला. त्यातला वाघही पाहिला. आणि जे त्याचे पूर्वज अशा वेळी करत आले, तेच त्याने केले. गोल वळले आणि घट्ट बंद झाले.

"लोळ," चिंतोपंत म्हणाले.

गोळा हलला नाही.

"अरे, मान आहे हा. लोळ."

"माझे देव मला आत दिसतात," गोळ्यातून बारीक आवाज आला. "मी बाहेर येत नाही."

चिंतोपंतांनी त्याला पायाने ढकलले. गोळा देवळाभोवती जाण्याऐवजी उताराला लागला, गडगडत नदीत पडला आणि पोहत पैलतीरी गेला.

सारे पुन्हा धोंडोबाकडे पाहू लागले. ऊन कलले. माकडे ताटांवरचे फडके निरखू लागली. तेव्हा वाघ सावकाश उठला. तो फार बोलत नसे.

"पंत, लोटांगणात असते काय? एकाने मध्ये राहायचे आणि दुसऱ्याने भोवती फिरायचे. बरोबर?"

"बरोबर, महाराज."

"गव्याला फिरता येत नाही. देवाला पालखीत बसवले तर फिरता येते. मध्ये कोण आणि भोवती कोण, हे बदलले तर शास्त्र मोडते का?"

चिंतोपंतांनी वाघाच्या दातांकडे पाहिले. शास्त्र फार खोल असते, बाळांनो, पण त्या क्षणी त्यांना तळ दिसला.

"शास्त्रात बसते, महाराज. किंबहुना मूळ शास्त्र तेच असावे."

धोंडोबा हात जोडून म्हणाला, "असे करू नका. हा अपराध माझ्या माथी येईल. उशीर होऊ दे, मी रांगत जातो."

"भाऊजी," हरिणी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "महाराज माझ्याकडे पाहू लागले आहेत. तुम्ही आपले उभे राहा."

धोंडोबा उभा राहिला. त्याला अंगणाच्या मधोमध नेले. रानेश्वराला पालखीत बसवले. सांबरांनी पालखी खांद्यावर घेतली, शंख वाजला, आणि देवाने गव्याभोवती प्रदक्षिणा घातली. ताटांवरची फडकी त्याच क्षणी उडाली.

पालखी धोंडोबासमोर येऊन थांबली. देव इतक्या जवळ त्याने कधी पाहिला नव्हता. पाषाणावरचे चंदन अजून ओले होते. आता तरी, असे म्हणून त्याने मान खाली घातली. निखारा वर आला. त्याने मान ताठ केली. पुन्हा घातली, पुन्हा ताठ केली. डोळ्यांना धारा लागल्या आणि तोंडातून एक दीर्घ, आंबट ढेकर निघाली.

मग आत्या म्हैस गहिवरून म्हणाली, "पाहा, देव पुढ्यात उभा आहे, तरी मान लवत नाही. पोचलेला आहे माझा भाचा."

एकेक करून सारे जंगल धोंडोबाच्या पायांवर लोळले. चिंतोपंतांनी सर्वांत लांब लोटांगण घातले. "उठा हो, मला नका," असे धोंडोबा विनवत होता, पण प्रत्येक शब्दाबरोबर ढेकर येत होती आणि लोक ती ओंजळीत घेत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खेकड्यांच्या दाराशी जी रांग लागली, तिचे शेपूट म्हणे अजून सापडलेले नाही. धोंडोबा मात्र रोज देवळाच्या दारात उभा राहतो. लोक येतात, त्याच्यापुढे कपाळ टेकतात आणि जातात. तो त्या टेकलेल्या कपाळांकडे पाहतो. त्याला त्यांचा फार हेवा वाटतो.

तात्पर्य : देवापुढे नमता यावे म्हणून पोट कमी करावे. कमी करूनही नमता आले नाही, तर खंत करू नये. आसपासची मंडळी पुरेशी भुकेली असली म्हणजे देव आपणहून फिरू लागतो, आणि ताठ मानेला सिद्धी म्हणतात.